‘विंडोजमधून बोलतोय’ म्हणणारे फोन कसे ओळखायचे? आणि म्हातारी माणसं त्यांना फसतातच कशी?

तुम्ही विचारलेल्या या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. मायक्रोसॉफ्ट कुणाला आपणहून फोन करून ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असं सांगत नाही. टोरांटोतल्या तुमच्या घरातल्या लॅपटॉपला काय झालंय ते परक्या माणसाला आधी कळलं, हीच मुळात थाप आहे. फोन ठेवायचा.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘आई एमए बीएड, तीस वर्षं शाळेत शिकवलं, तरी वीस मिनिटं त्या माणसाशी बोलत बसली. यांना कळत कसं नाही?’ हे वाक्य मी आमच्या घरात दहा वर्षं ऐकलंय. म्हणून लिहायला बसले.

२०१५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आई-अप्पा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आले होते. अप्पा साताऱ्याला महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. भारतात फोन करायला बरा म्हणून आम्ही तेव्हा घरी लँडलाइन ठेवला होता. दुपारी आम्ही दोघं ऑफिसात, मुलं समर कॅम्पला, आई झोपलेली. अप्पा डायनिंग टेबलाशी माझ्या जुन्या लॅपटॉपवर सातारचा पेपर वाचत बसायचे. ज्यांनी आई-वडलांना परदेशात सहा महिने ठेवून घेतलंय त्यांना ती दुपार माहीत आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दारावर कुणी येत नाही, आणि फोन आला तर तो हमखास चुकीचा.

त्या दिवशी फोन आला तो ‘केविन’चा. विंडोज टेक्निकल डिपार्टमेंट. तुमच्या मशीनमधून आमच्या सर्व्हरला धोक्याचे संदेश येतायत, म्हणाला. अप्पांनी लगेच डायरी उघडली. कुणाशीही कामाचं बोलायचं तर आधी तारीख, वेळ आणि समोरच्याचं नाव लिहायचं, ही चाळीस वर्षांची सवय. ती डायरी आज माझ्याकडे आहे, त्यामुळे मी हे सगळं सांगोवांगी सांगत नाहीये. पहिली ओळ: ‘दु. १.४०. मि. केविन. नम्र.’

केविनने आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजमधल्या नोंदी दाखवणारं पान, उघडायला लावला. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची रांगच्या रांग. अप्पांनी मोजून लिहिलंय: लाल ४३, पिवळ्या ११०, पुढे मोजल्या नाहीत. या खुणा ठणठणीत मशीनवरही असतात. प्रिंटर बंद होता, वायफाय क्षणभर तुटलं, एखादा प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला, सगळं तिथे नोंदलं जातं. कचेरीत आलेल्या कागदांची नोंदवही असते ना, ती आवक बारनिशीच ती. मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) नेटस्टॅट टाइप करायला सांगितलं, म्हणजे मशीनच्या चालू जोडण्यांची यादी. त्यात ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ नावाचा रकाना येतो. म्हणजे जोडणीचं पलीकडचं टोक, बाकी काही नाही. केविन म्हणाला, बघा सर, हे सगळे फॉरेनचे हॅकर. आणि हे ऐकणारा माणूस न्यू जर्सीत व्हिजिटर व्हिसावर बसलेला!

तिसरा डाव मात्र खास अप्पांसाठीच बेतलेला असावा असा बसला. केविन म्हणाला, मी खरा की खोटा याची खात्री तुम्हीच करा. मी तुमच्या मशीनचा लायसन्स नंबर वाचून दाखवतो, तुम्ही पडद्यावर ताडून बघा. त्याच काळ्या खिडकीत एएसएसओसी ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबलं की भली मोठी यादी सरकते आणि शेवटाकडे ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक आकडा येतो. केविनने तो फोनवर अक्षरन् अक्षर बरोबर सांगितला. अप्पांनी डायरीत लिहून घेतला, परत वाचून दाखवला, खाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘पडताळले. बरोबर.’

ज्या माणसाची सगळी नोकरी कागदावरचा जावक क्रमांक ताडून बघण्यात गेली, त्याने क्रमांक जुळल्यावर विश्वास ठेवला. याला भोळेपणा म्हणायचं? अप्पांनी पडताळणी केली होती. पण तो आकडा जगातल्या सगळ्या विंडोजवर एकच असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला तरी माहीत होतं का? मी स्वतः आयटीत, आणि मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मग दूरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि माउस आपोआप फिरायला लागला. आता मुद्दा आला. तीन वर्षांची सुरक्षा, २९९ डॉलर, कार्ड नंबर सांगा. अप्पा म्हणाले, कार्ड जावयाचं आहे, त्यांना विचारल्याशिवाय मी देणार नाही, संध्याकाळी सातनंतर फोन करा. केविनने तासभर डोकं खाल्लं. मशीन आत्ता जळेल, बँक रिकामी होईल, पोलीस येतील. अप्पांनी त्याला हिंदीत विचारलं, बेटा, कहाँ के हो? तो म्हणाला, इंग्लिश ओन्ली, कॉल रेकॉर्ड होतोय. पण नंतर चिडल्यावर त्याच्या तोंडून एकदा ‘अंकल’ निसटलं. डायरीत तो शब्द अवतरणात आहे.

शेवटी त्याने पडद्यावर एक लहानशी चौकट उघडली, काहीतरी टाइप केलं, मशीन बंद करून चालू केलं आणि फोन आपटला. वेळ ३.५०. लॅपटॉप सुरू होतानाच पासवर्ड मागायला लागला. सिसकी म्हणतात त्याला. विंडोजचीच जुनी सोय होती, पैसे न देणाऱ्यांवर सूड उगवायला हे लोक ती वापरायचे. २०१७ मध्ये विंडोज १० मधून ती काढूनच टाकली, त्यामुळे आता ही भीती फारशी नाही.

एक डॉलर गेला नाही, हे परत वाचा. दोन तास दहा मिनिटं एका पढवलेल्या माणसाने घासाघीस केली आणि त्याच्या हाती काही लागलं नाही. तरी आमच्या घराण्यात ही गोष्ट ‘अप्पा फसले’ या नावानेच प्रसिद्ध आहे.

खरं नुकसान पुढे झालं. अप्पांनी तीन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. मुलीचं मशीन आपण बिघडवलं, ही लाज. लॅपटॉपचं झाकण लावून त्यावर वर्तमानपत्र ठेवलं आणि दुपारी ते नुसते खिडकीत बसायला लागले. ब्राउझरमध्ये आमच्या बँकेचे पासवर्ड साठवलेले होते. ते तीन दिवस उघडेच राहिले. पैसे गेले असते तर ते या तीन दिवसांत गेले असते.

चौथ्या दिवशी आईने फोडलं. नवऱ्याने बसून सगळे पासवर्ड बदलले, माझ्या ऑफिसातल्या एकाने रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याची, जुनी प्रत जागेवर ठेवून लॅपटॉप उघडून दिला, फोटो वगैरे सगळे शाबूत. त्याच रात्री पुण्याहून दादाचा स्काइप आला. स्पीकर चालू होता, अप्पा मागे सोफ्यावर. दादा म्हणाला, ‘कशाला हात लावायला देतेस त्यांना? काही कळतं का त्यांना त्यातलं?’

अप्पा उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर तीच पाच अक्षरं टाइप केली आणि त्यांना डायरी आणायला सांगितली. आकडा तोच. मग नवऱ्याच्या मशीनवर. तोच. अप्पांनी तिसऱ्यांदा बघितलं नाही. चष्मा काढला, ‘पडताळले. बरोबर.’ यावर काट मारली आणि बारीक अक्षरात सही केली. खाडाखोडीवर सही करायची पद्धतच असते ना.

साताऱ्याला परत गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. दादाने त्यांच्या खात्याचं नेटबँकिंग बंद करून टाकलं, ‘सुरक्षेसाठी’. त्यानंतर पेन्शनचा आकडा बघायलाही ते पासबुक घेऊन रांगेत उभे राहायचे. माझं आणि दादाचं यावरून तेव्हापासून जे सुरू आहे ते अजून संपलेलं नाही. त्याचं म्हणणं, ज्याला जमत नाही त्याने लांब राहावं. माझं म्हणणं, एका फोनमुळे सत्तर वर्षांच्या माणसाच्या हातातून सगळंच काढून घ्यायचं ही शिक्षा झाली, आणि ती केविनला न होता अप्पांना झाली. २०२१ च्या जुलैत जिम ब्राउनिंग या टोपणनावाने काम करणाऱ्या माणसाची बातमी आली. हा गडी असल्याच कॉल सेंटरांच्या कॉम्प्युटरमध्ये उलटा शिरून त्यांना उघडं पाडतो. गुडगावच्या एका सेंटरचे त्याने मिळवलेले चित्रण २०२० मध्ये बीबीसीने दाखवलं होतं. त्यालाच कुणीतरी ‘यूट्यूब सपोर्ट’ बनून गाठलं आणि त्याच्या हातून त्याचं स्वतःचं चॅनेल डिलीट करवलं! चॅनेल नंतर परत मिळालं. मी ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘यांनाही काही कळत नसेल का?’ दादाने अंगठा दाखवला.

बरं, तुमच्या कामाचं. आजकाल नुसता फोन कमी येतो. पडदाभर लाल चौकट येते, भोंगा वाजतो आणि खाली नंबर असतो, म्हणजे फोन तुम्हीच करायचा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. चौकट बंद होत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरा, काही बिघडत नाही. प्रिंटर अडला म्हणून गुगलवर ‘सपोर्ट नंबर’ शोधू नका, वरच्या जाहिरातींत हेच लोक बसलेले असतात. फोन येताना स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरावर विश्वास ठेवू नका, तो हवा तसा दाखवता येतो. आणि एकदा पैसे दिलेल्यांना काही महिन्यांनी दुसरा फोन येतो, की आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत. मग बँकेचं पान उघडायला लावून त्यावरचा आकडाच बदलून दाखवतात आणि म्हणतात, अरेरे, ३०० ऐवजी ३,००० गेले, जास्तीचे पैसे गिफ्ट कार्डं आणून परत करा. बँकेत खरं काहीच हललेलं नसतं.

भारतातल्या नातेवाइकांना ‘आज रात्री वीज तोडणार’ असे मेसेज येतात तेही याच जातीचे. फोन करा, अ‍ॅप टाका, दहा रुपये भरा. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या दूरून फोन चालवायच्या अ‍ॅपवरून २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. अ‍ॅप वाईट नाही, आमच्या ऑफिसातही तसलंच वापरतात. ते कुणाच्या सांगण्यावरून टाकलं एवढंच बघायचं.

तुमच्या आईंनी त्या माणसाला मशीनमध्ये घेतलं असेल तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा, ते सॉफ्टवेअर काढा. कॅनडात अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार होते, भारतात १९३० या हेल्पलाइनवर. हे लिहिता लिहिता कबूल करते की दादाने तेव्हा एक गोष्ट बरोबर केली होती. मी रडत बसले असताना त्याने अप्पांचं पुण्याचं खातं त्याच तासाला गोठवलं. आणि स्मृती खरोखर उतरणीला लागली असेल तर माझा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवा, तेव्हा खात्यावर दुसऱ्याची नजर हवीच.

आता तुमच्या आईंविषयी. वीस मिनिटं का बोलल्या, तर समोरचा माणूस बोलत असताना फोन ठेवणं त्यांना उद्धटपणा वाटतो म्हणून. त्या तशाच वाढल्यात. अप्पांना मी नंतर एक वाक्य पाठ करून दिलं होतं, ‘मुलगी घरी आली की बोलेन, ठेवतो.’ सभ्यही आहे आणि फोनही ठेवला जातो. आईंना त्यांचं वाक्य त्यांनाच ठरवू द्या.

आणि त्या माणसाने काय काय सांगितलं ते त्यांना सगळं विचारा. मध्ये बोलू नका, हसू नका. शेजारी बसून तीच पाच अक्षरं तुमच्या मशीनवर टाइप करून दाखवा.

डायरीत २०१६ च्या ऑक्टोबरातलं एक कात्रण चिकटवलेलं आहे. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली त्याचं. ती पोरं खरं तर अमेरिकेच्या आयकर खात्याच्या नावाने धमकावत होती, विंडोजशी त्यांचा संबंध नव्हता. अप्पांनी समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘केविन?’