पहिल्या समुपदेशनाला जाण्यापूर्वी

आई गेल्यानंतरचे तेरा दिवस माणसांच्या गर्दीत निघून गेले आणि घर रिकामे झाल्यावर दुःख अधिकच जाणवू लागले, असे तुम्ही कळवले आहे. वडिलांच्या निधनानंतर माझेही नेमके तसेच झाले होते, म्हणून सुरुवातीपुरते एवढेच सांगतो.

पहिले पाऊल लहान असू द्या. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या 14416 क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. प्रत्यक्ष भेटीसाठी समुपदेशक निवडताना त्यांचे शिक्षण, शुल्क आणि शोकाकुल व्यक्तींसोबत काम केल्याचा अनुभव निःसंकोच विचारा. उपचारपद्धतींची नावे आत्ताच शोधत बसू नका.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका दोन:

- पहिल्याच भेटीत मन हलके होईल अशी अपेक्षा धरणे. माझ्या पहिल्या दोन भेटी निव्वळ रडण्यात गेल्या, आणि त्या वाया गेल्या नाहीत.
- सूर जुळत नसूनही भिडेखातर त्याच समुपदेशकाकडे जात राहणे.

झोप आणि जेवण पूर्णपणे सुटले किंवा जगूच नये असे वाटू लागले, तर मात्र ठरलेल्या भेटीची वाट न पाहता, घरातील कुणाला तरी सोबत घेऊन त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात जा.