वकीलसाहेब, पत्रात मुलीचं नाव कुठे आहे?

चोपड्याहून एका वकिलांचं दोन पानी पत्र आलं आहे. मजकूर थोडक्यात असा: मुलगी बारावी आर्ट्सला ८४ टक्क्यांनी पास झाली. पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिली, स्कोअरही बरा आहे. पण आता म्हणते, बी.ए. करायचं आणि तेही तत्त्वज्ञानात. 'अकरावीला स्कोअरिंग म्हणून तो विषय घेऊ दिला, तिथेच चुकलं. हल्ली घरात प्रत्येक गोष्टीला "का" विचारते. आजोबांच्या श्राद्धाला पुरुषांची पंगत आधी का, यावरून पाहुण्यांसमोर वाद घातला. उद्या सासरी हिचं कसं निभायचं? या तत्त्वज्ञ मंडळींनी नुसतं बोलण्यापलीकडे केलं तरी काय? आपण तिला दोन गोष्टी समजावाव्यात.'

वकीलसाहेब,

पत्र दोनदा वाचलं. त्यात टक्के आहेत, सीईटीचा स्कोअर आहे, तुमच्या ऑफिसात तिच्यासाठी राखून ठेवलेलं टेबल आहे. अजून न ठरलेलं सासरसुद्धा आहे. मुलीचं नाव मात्र नाही. 'आमची कन्या', 'ती', 'मुलगी', एवढंच. दाव्याच्या कागदात पक्षकाराचं नाव नसेल तर तुम्ही काय म्हणाल? वर म्हणणं एकाच बाजूचं. असा एकतर्फी हुकूमनामा माझ्याकडून मिळणार नाही.

खरं सांगू का, तुमची काळजी करिअरची वाटतच नाही. करिअर तुम्ही चार ओळींत उरकलंय आणि श्राद्धाच्या पंगतीला पाऊण पान दिलंय. तिच्या 'का'ची तुम्हाला धास्ती आहे. आणि हाच 'का' कोर्टात उभं राहून विचारायला शिकावा म्हणून तुम्ही पाच वर्षं तिची फी भरायला तयार आहात! म्हणजे उलटतपासणी यावी, पण ती काळा कोट काढला की संपावी. तसं होत नाही हो. बावीस वर्षं वकिली केल्याचं तुम्हीच लिहिलंय, घरी तुम्ही तरी कधी वाद सोडलाय का? वहिनींना विचारून बघते हवं तर. मला विचाराल तर त्या दिवशी पंगतीत तिने विचारलं ते बरोबरच विचारलं. पाहुण्यांसमोर विचारलं याचा राग असेल तर तेवढाच धरा, तो तिच्या प्रवेशाच्या फॉर्मवर काढू नका.

आता 'तत्त्वज्ञांनी केलं काय' याबद्दल. त्या बावीस वर्षांतला मोठा काळ तुम्ही भारतीय दंड संहितेवर पोट भरलंत. ती १८६० ची. तिचा मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा आणि त्यामागचा विचार बराचसा इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा. कायदा जुन्या निवाड्यांच्या ढिगात दडलेला नको, सलग लिहिलेला आणि लोकांना समजेल असा हवा. शिक्षा सूड म्हणून द्यायची नाही, तिचा समाजाला उपयोग काय ते दाखवता आलं पाहिजे. हे बेंथमचं म्हणणं. गंमत म्हणजे बेंथमचे वडीलही वकीलच होते आणि मुलाने कायद्यात सर्वोच्च पदाला जावं अशी त्यांची फार इच्छा होती. मुलगा सनद घेऊन बसला आणि वकिली काही केली नाही.

चोरीचं जुनं ३७८ कलम आठवा, नव्या न्याय संहितेत ३०३. त्याखालचं कुत्र्याचं उदाहरण तुम्हाला तोंडपाठ असेल. एक माणूस कुत्र्याला भुलवणारं आमिष खिशात ठेवतो, दुसऱ्याचं कुत्रं त्याच्यामागे चालू लागतं. याने कुत्र्याला हात लावलेला नाही, साखळी ओढलेली नाही. तरीही लबाडीने, मालकाच्या संमतीशिवाय ते न्यायचा हेतू असेल, तर कुत्रं मागे निघालं तिथेच चोरी पूर्ण झाली. 'घेणं' म्हणजे नेमकं काय, हेतूचं कृत्य कुठल्या क्षणी होतं, हेच तर तत्त्वज्ञानाच्या तासाला घासून घासून विचारतात. तुम्ही ते कोर्टात विचारता, एवढाच फरक.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: 'हा विषय साठीनंतर वाचायचा.' हा गैरसमज मला दर जून महिन्यात भेटतो. तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म, नाहीतर फळ्यावरचा सुविचार. अध्यात्माशी त्याचं नातं आहे, नाही असं नाही, पण या विषयाचं रोजचं काम म्हणजे युक्तिवाद तपासणं. 'बायकांचा स्वभावच असा' म्हणणाऱ्यांना इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८६९ मध्ये अडवलं: तुम्ही त्यांना एकाच प्रकारे वाढवलंत, मग तो स्वभाव आहे की वळण, हे तुम्हाला कळलं कसं? मिल आणि स्पेन्सर वाचलेल्या आगरकरांनी पुण्यात आपल्या 'सुधारक' या पत्रातून लिहिलं की मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि एकत्र द्या. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. आज तुमची मुलगी मुलांच्या शेजारच्या बाकावर बसून बारावी झाली आणि तुम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही, पत्रात उल्लेखसुद्धा नाही. ह्याच आगरकरांनी शिकत असताना आईला कळवून टाकलं होतं की मोठ्या पगाराची आशा माझ्याकडून धरू नकोस. तुमची मुलगी एवढं टोकाचं काहीच म्हणत नाहीये.

पण आता तिच्या बाजूनेही थोडं कडू बोलते. तत्त्वज्ञानात एम.ए. करून प्राध्यापक व्हायचं डोक्यात असेल तर जागा थोड्या आहेत, भरती रखडते आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारी हुशार माणसं मी जवळून पाहिली आहेत. स्कोअरिंग विषयात पडलेले मार्क म्हणजे त्या विषयाची ओढ असंही नाही. आणि ज्या कॉलेजात या विषयाला पूर्णवेळ शिक्षकच नाही, तिथे नुसत्या पाटीकडे बघून प्रवेश घेणं म्हणजे तीन वर्षं गाईड पाठ करणं.

सेट-नेट, बी.एड., यूपीएससीचा वैकल्पिक विषय आणि तिथलाच २०१३ पासूनचा २५० गुणांचा नीतिशास्त्राचा पेपर, हे रस्ते सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर शाई घालवत नाही. पदवीनंतर तीन वर्षांचं लॉ करता येतं हे मी तुम्हाला सांगायला नको. तरी पत्रात तुम्ही ते टाळलंत.

बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, मुख्य विषय अर्थशास्त्र. तिथे त्यांना तत्त्वज्ञ जॉन ड्युई शिकवायला होते. लोकशाही ही नुसती राज्यपद्धत नसून एकमेकांसोबत जगायची रीत आहे, हा ड्युईंच्या १९१६ च्या शिक्षणावरच्या ग्रंथातला विचार बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्थेविरुद्ध लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात करू न दिलेल्या भाषणात वापरला आणि आपल्या या शिक्षकाचं ऋणही तिथेच मान्य केलं. सांगायचा मुद्दा, पदवीवर तो विषय छापलेला असलाच पाहिजे असं नाही. अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र मुख्य आणि तत्त्वज्ञान दुय्यम, असंही जमतं. की लॉच करून वाचन चालू ठेवायचं? हे तिने ठरवायचं. तुम्ही नाही, मीही नाही.

तोवर एक करा. तुमच्यापासून तासाभरावर अमळनेर आहे. तिथलं तत्त्वज्ञान केंद्र १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांनी काढलं, योगायोगाने ड्युईंच्या ग्रंथाचंच साल. साने गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान शिकायला, शाळेत मास्तर झाले ते नंतर. एका रविवारी तिला गाडीवर घेऊन जा, वास्तू दाखवा, येताना चहाला थांबा. स्थळांचा विषय काढू नका.

आणि रात्री जेवताना ते कुत्र्याचं उदाहरण तिच्यापुढे टाका. कलम सांगू नका, आधी तिला बोलू द्या. आमिष खिशात नसतं आणि कुत्रं आपणहून मागे आलं असतं तर, हेही विचारा. ती काय म्हणाली ते मला कळवा. तिनेच कळवलं तर उत्तम, खाली नावासकट.