बरोक, मोती आणि गोव्याच्या इगर्जी

प्रश्न सावंतवाडीच्या एका वाचकांचा आहे : ‘गोव्याच्या माहितीपत्रकांत प्रत्येक जुन्या चर्चला ‘बरोक’ म्हटलेलं असतं. म्हणजे नेमकं काय? बरोक म्हणावं की बॅरोक? आणि मराठीत ‘अतिअलंकृत’ हा प्रतिशब्द चालेल का?’

उच्चाराचं आधी उरकतो. मूळ पोर्तुगीज शब्द साधारण ‘बार्रोकु’ असा ऐकू येतो, फ्रेंचांनी त्याचं बारोक केलं, मराठीत बरोक रुळला आहे, तोच लिहावा. ‘बॅरोक’ हे इंग्रजी वळण आहे असं म्हणणाऱ्यांनी इंग्रजांचं बोलणं एकदा कान देऊन ऐकावं. ते बरॉक म्हणतात. ‘बॅ’ आपण कुठून काढला, देव जाणे. शैलीची लक्षणं कुठल्याही कोशात सापडतील : रोममध्ये 1600 च्या आसपास सुरुवात, पीळदार खांब, बाहेर फुगणाऱ्या आणि आत वळणाऱ्या भिंती, सोन्याचा मुलामा, बघणाऱ्याला भारावून टाकायचा उघड हेतू. त्यात मी शिरत नाही.

चीड येते ती या शब्दाच्या उधळपट्टीची. पणजीच्या फोंतेन्हासमधली पिवळी-निळी घरं बरोक, जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल बरोक, आणि आता तर लग्नाच्या हॉलमधल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सोनेरी वेलबुट्ट्याही बरोक. से कॅथेड्रलचं काम 1562 साली सुरू झालं आणि 1619 मध्ये संपलं. बाहेरून ते इतकं साधं, सपाट आणि करकरीत आहे, की पोर्तुगीज स्वतःच त्या काळच्या या धाटणीला ‘साधी’ शैली म्हणतात. त्याला अतिअलंकृत म्हणायचं, तर सोवळ्यातल्या आजीला नटवी म्हणायला हरकत नसावी.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते.

बरोक हा मुळात इमारतीचा शब्दच नाही. तो मोत्याचा शब्द आहे. गोल न झालेला, कुठे फुगलेला, कुठे दबलेला मोती, त्याला पोर्तुगीजात ‘बार्रोको’ म्हणत. आणि या अर्थाचा एक जुना छापील उल्लेख कुठला आहे? लिस्बनचा नाही, रोमचा नाही. गोव्याचा! गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. पुढे मुंबईचं बेट त्याच्याकडे खंडाने होतं. त्याने इथल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपात एक ग्रंथ लिहिला आणि तो 1563 साली गोव्यातच छापला गेला. छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. त्यात मोत्यांची चर्चा चालू असताना हा शब्द येतो. त्या मोत्यांचं वर्णन असं : आकाराने बेढब, गोल नसलेले, आणि ‘पाणी मेलेले’.

त्या शेवटच्या शब्दांवर जरा थांबा. मोत्याच्या चमकेला ओर्ता ‘पाणी’ म्हणतो. आपल्याकडचा सराफही म्हणतो. पाणीदार मोती, मोत्याचं पाणी उतरलं, आणि फारसीतून आलेला आबदार, त्यातही आब म्हणजे पाणीच. ही कल्पना एकट्या मराठीची नाही, मोत्यांच्या व्यापारात ती सगळीकडे होती. पण गोव्यात बसून लिहिणाऱ्या वैद्याच्या वाक्यात ती दिसली की पेठेतला सराफ भिंग डोळ्याला लावून बोलतोय असं वाटतं. बिचाऱ्या ओर्ताचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. तो 1568 मध्ये वारला. तो छुपा यहुदी होता असं ठरवून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मद्रोह शोधणाऱ्या न्यायासनाने, 1580 मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. आज पणजीतल्या एका बागेला त्याचं नाव आहे.

माझी लाडकी उपपत्ती इथून सुरू होते. शब्द पोर्तुगीज, मान्य. पण मोत्यांच्या अर्थाने तो युरोपभर फिरला, तो गोव्यासारख्या बाजारांच्या रस्त्याने, असं माझं ठाम मत आहे. आखाती मोत्यांचं नाकं असलेलं होर्मूझ 1515 पासून 1622 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या मन्नारच्या आखातातल्या मोत्यांवरही त्यांचा हात होता. माल गोव्याच्या सरळ रस्त्यावर, म्हणजे रुआ दिरैतावर यायचा. 1580 च्या दशकात तिथे राहिलेल्या लिन्शोटेन नावाच्या डच माणसाने त्या रस्त्यावर रोज सकाळी बोली लावून चालणाऱ्या विक्रीचं वर्णन केलं आहे. त्या विक्रीला पोर्तुगीजात ‘लेइलाँव’ म्हणत. आपला लिलाव तो हाच! ज्या व्यवहाराने आपल्याला लिलाव दिला, त्याच व्यवहाराने युरोपला बार्रोको दिला, यात अशक्य ते काय? फ्रेंचमध्ये हा शब्द सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दिसतो, म्हणजे ओर्ताच्याही आधी, हे मला कुणी सांगू नये. गोवा पोर्तुगीजांकडे 1510 पासून आहे. माल आधी पोचतो, ग्रंथ मागाहून.

या उपपत्तीला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला मला मुळीच सहन होत नाही. मध्ययुगीन तर्कशास्त्रात अनुमानाच्या एका प्रकाराला पाठांतरासाठी ‘बारोको’ असं नाव होतं. त्यातले आ-ओ-ओ हे स्वर म्हणजे विधानांच्या जातीच्या खुणा. उदाहरण द्यायचं तर : सगळे कोकणी मासे खातात, काही सावंतवाडीकर मासे खात नाहीत, म्हणून काही सावंतवाडीकर कोकणी नाहीत. (प्रश्नकर्त्यांनी मनाला लावून घेऊ नये.) असल्या घटपटाच्या खटपटीची पुढे टिंगल होऊ लागली, आणि त्या टिंगलीतून ‘विचित्र, किचकट’ या अर्थाने बरोक आला, असं रूसोने 1768 साली संगीतावर लिहिताना सुचवलं. विसाव्या शतकात इटलीतल्या क्रोचे या तत्त्वज्ञासारख्या मोठ्या माणसाने ते उचलून धरलं. मोठ्या माणसांना कधीकधी साधी गोष्ट दिसत नाही. फ्रेंच अकादमीच्या 1694 च्या कोशात या शब्दाचा एकच अर्थ दिला आहे, आणि ‘फक्त’ असा शब्द घालून दिला आहे : हा शब्द फक्त नीट गोल नसलेल्या मोत्यांबद्दल वापरतात. तर्कशास्त्र तिथे औषधालाही नाही. टिंगलीचा रंग त्यावर मागाहून चढला असेल, तो मी नाकारत नाही. पण रंगाला मूळ म्हणू नये.

दुसरा प्रतिस्पर्धी आपल्या अंगणातला, म्हणून जास्त धोक्याचा. बार्रोको म्हणजे भडोच! पोर्तुगीज भडोचला ‘बारोशे’ म्हणत, तिथून मोती जात, म्हणून हे नाव, असं काही मंडळी हिरीरीने सांगतात. ऐकायला किती गोड. भरुकच्छ, बारिगाझा, बरोक, अशी साखळी एका निवृत्त प्राध्यापक मित्रांनी मला कागदावर काढून दिली होती. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. ‘बार्रोका’ म्हणजे खाचखळग्यांची, खडकाळ, उंचसखल जमीन, हा शब्द वास्को द गामा कालिकतला उतरायच्या कितीतरी आधीपासून पोर्तुगीजात आहे. स्पॅनिशमध्ये त्याचाच भाऊ ‘बेर्रुएको’ खडकालाही म्हणतात आणि ओबडधोबड मोत्यालाही. जमिनीच्या खडबडीतून मोत्याची खडबड, इतकं सरळ आहे. प्रत्येक शब्द भारतातून गेला असं सिद्ध करायची आपली हौस एकदा आवरायला हवी. (माझी उपपत्ती निराळी. मी शब्दाचा प्रवास सांगतोय, जन्म नव्हे.)

मोत्यावरून इमारतीवर यायला शब्दाला वेळ लागला आणि तो आला तो शिवी म्हणूनच. 1788 मध्ये कात्रमेर द कँसी या फ्रेंच लेखकाने वास्तुकलेच्या संदर्भात, बरोक ही विक्षिप्तपणाचीच एक छटा, विक्षिप्तपणाचा अतिरेक, असं लिहिलं. 1855 मध्ये बुर्कहार्ट या स्विस कला-इतिहासकाराने तर म्हटलं, की बरोक वास्तुकला रेनेसाँचीच भाषा बोलते, पण तिची एक रानटी बोली. बोली म्हणून हिणवायची ही तऱ्हा आपल्याला चांगलीच ओळखीची. कोकणीबद्दल आपल्याकडे काय काय बोललं गेलं ते आठवा. त्याच बुर्कहार्टचा शिष्य व्योल्फलिन याने 1888 मध्ये या बोलीला स्वतःचं व्याकरण आहे हे दाखवलं, तेव्हा कुठे शब्दाला मान मिळाला.

आता या तारखा जुन्या गोव्यात उभं राहून लावून बघा. बॉम जेझुस या इगर्जीची, म्हणजे चर्चची, पायाभरणी 1594 ची, आशीर्वादविधी 1605 चा. रोममध्येच बरोक तेव्हा डोळे उघडत होतं. त्या दर्शनी भिंतीवर जांभ्याच्या चिऱ्यांत काळ्या दगडाचे अर्धस्तंभ बसवले आहेत. तो दगड वसईहून आणलेला. वर मधोमध जेझुइट या ख्रिस्ती पंथाची येशूनामाची तीन अक्षरं आणि दोन्ही बाजूंना गुंडाळीसारख्या वळ्या. उत्तम काम आहे, पण रांगेत, मापात, शिस्तीत. बरोकची उसळी त्यात नाही. ती बघायची तर आत जा. मुख्य आल्तारावर, म्हणजे वेदीवर, सोन्याने मढवलेले पिळाचे खांब, खाली छोटासा बाळ येशू, आणि वर जेझुइटांचा संस्थापक लॉयोलाचा इग्नाती एवढा प्रचंड, की ज्याच्या नावाचं देऊळ तो बाळ नजरेतून सुटतो. मग उजवीकडे शाव्हियेरची, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरची, कबर. टस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोझिमोने ती फ्लॉरेन्सच्या फॉज्जिनी या शिल्पकाराकडून करवून घेतली आणि 1698 मध्ये ती इथे बसवली. संगमरवर, यास्पर हा रंगीत दगड, संताच्या आयुष्यातल्या प्रसंगांची ब्राँझची चित्रं. हे अस्सल बरोक. गंमत अशी, की फॉज्जिनीला कुणी ‘तुम्ही बरोक काम करता’ असं म्हटलं असतं, तर तो बुचकळ्यात पडला असता. अकादमीचा तो ‘फक्त मोत्यांबद्दल’वाला कोश कबर बसवायच्या चारच वर्षं आधीचा आहे.

गोव्याच्या इगर्जींना सरसकट बरोक म्हणावं का, यावर जाणत्यांतही एकमत नाही. जुझे परेरा हे गोंयकार विद्वान म्हणत, की होय, आणि हे नुसतं उसनं बरोक नाही, भारतीय बरोक आहे. पाउलु व्हारेला गोमिश यांचं म्हणणं उलट : युरोपच्या शैलींची नावं इथे चिकटवू नका, इथल्या इगर्जींची परंपरा गोव्याचीच आहे. माझा कल गोमिश यांच्याकडे. पण परेरांची एक गोष्ट मला सोडवत नाही. त्यांनी देवळांकडे बोट दाखवलं. कवळ्याच्या शांतादुर्गेचं देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांनी 1738 च्या सुमारास बांधवलं. समोर उभं राहून वर बघा : गाभाऱ्यावर अष्टकोनी मनोरा, त्यावर घुमट, मजल्यामजल्याला कठडे, भिंतीला चिकटलेले अर्धस्तंभ, कमानीच्या खिडक्या. घुमट उचलून जुन्या गोव्यातल्या सां कायतानच्या इगर्जीवर ठेवला तर फार कुणाला खटकणार नाही. त्याच सुमाराला चिमाजी आप्पाची फौज वसईच्या मोहिमेत गुंतली होती आणि 1739 मध्ये वसई पडली. तिकडे पोर्तुगीजांशी लढाई, इकडे त्यांच्याच इमारतींचे कठडे देवीच्या देवळाला. गवंड्यांना हे विसंगत वाटलं नसावं. चिरे रचणारे हात बहुधा तेच होते.

आणि ‘अतिअलंकृत’? नको. त्यात कात्रमेरचं नाक मुरडणं मराठीत येतं, आणि से कॅथेड्रलला ते लागूही पडत नाही. बरोक असाच ठेवावा. लिलाव, पगार, चावी पचवलेल्या भाषेला एक शब्द जड नाही. विशेषण अविकारी : बरोक आल्तार, बरोक कबर, बरोक इगर्जी.

शिंपल्याचं मात्र सांगायला हवं. जुन्या गोव्यातल्या आणि गावोगावच्या इगर्जींच्या, घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी चौकटीत बसवलेले असत. काही ठिकाणी अजून आहेत. त्या जातीच्या शिंपल्यातही बारीक मोती सापडतात, दागिन्यापेक्षा औषधाला जास्त जाणारे. म्हणजे ओर्ताच्याच खात्यातले. भिंतीच्या गिलाव्यातला चुनाही शिंपले भाजून केलेला. जांभा सच्छिद्र, पाऊस पितो. म्हणून इगर्जी गिलावा करून पांढऱ्या ठेवत. बॉम जेझुसचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात पोर्तुगीज सरकारी वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रु याने काढून टाकला, जुनेपणा दिसावा म्हणून. तेव्हापासून तिथला जांभा प्रत्येक पावसाळ्यात उघड्यावर भिजतो. गिलावा परत चढवावा की नाही, यावर भांडणं चालूच आहेत. ज्या लाल भिंतीसमोर उभं राहून लोक ‘बरोक गोवा’ म्हणून फोटो काढतात, तिचा तो लाल रंग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचा आहे, सतराव्या शतकाचा नव्हे.