चारमिनार खरंच प्लेग संपल्याच्या आठवणीसाठी बांधला का?

तुम्ही विचारलंय की गाईडपासून सहलीच्या माहितीपत्रकापर्यंत सगळे चारमिनार म्हणजे प्लेगमधून वाचल्याचं स्मारक असं सांगतात, मग भागमतीची प्रेमकथा, ताबुताचा आकार, हजारावं वर्ष हे सगळं कुठून येतं आणि यातलं खरं काय मानायचं.

आधी माझं मत सांगतो, मग ते का बनलं ते. प्लेगची गोष्ट सगळ्यात प्रसिद्ध आहे आणि पुराव्याच्या बाबतीत सगळ्यात लंगडी आहे. चारमिनार हा मुळात एका आखून वसवलेल्या नव्या शहराचा मधला चौक आहे. त्या चौकावर इमारत उभी आहे, म्हणून आपण तिला स्मारक समजतो आणि 'कशाचं स्मारक?' हा प्रश्न विचारत बसतो. मी मूळचा उदगीरकडचा. लहानपणी सुट्टीत हैदराबादेत काचीगुड्याला मावशीकडे जायचो तेव्हा काकांनी मलाही प्लेगचीच गोष्ट सांगितली होती. ती मी कितीतरी वर्षं मनापासून खरी मानली, इतरांना सांगितलीसुद्धा. त्यामुळे तुमचा प्रश्न मला जवळचा आहे.

ज्याबद्दल वाद नाही ते थोडक्यात. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीतला पाचवा सुलतान मुहम्मद कुली. त्याच्या वडिलांनी, इब्राहिमने, १५७८ मध्ये मुसी नदीवर पूल बांधला, तोच आजचा पुराना पूल. गोवळकोंड्याचा किल्ला आणि त्याच्या तटातली वस्ती अपुरी पडत होती, पूल झाल्यावर नदीच्या दक्षिणेला पसरायला वाट मोकळी झाली. तिथे मुहम्मद कुलीने नवं शहर, म्हणजे आजचं हैदराबाद, आखलं आणि १५९१ मध्ये त्याच्या मध्यावर चारमिनार उभा राहिला. आखणीचं श्रेय इराणहून आलेल्या मीर मोमिन अस्तराबादीला देतात. तो सुलतानाचा पेशवा होता. 'पेशवा' हे पद दख्खनच्या सुलतानांकडे आपल्या पेशव्यांच्या आधीपासून होतं, हे इथे सहज लक्षात येतं.

खरी अडचण पुढे आहे. 'अमुक कारणासाठी ही इमारत बांधली' असं सांगणारा बांधणीच्या वेळचा शिलालेख चारमिनारवर नाही. एरवी देवळाच्या भिंतीवर किंवा बारवेच्या पायरीवर चार ओळी मिळाल्या की वाद मिटतो. इथे ती सोय नाही, आणि ती रिकामी जागा चारशे वर्षं लोक गोष्टींनी भरत आले.

शिलालेखाच्या जागी एक शब्द मात्र सांगितला जातो. फारसीत इमारतीचा सन अक्षरांत लपवायची पद्धत होती. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, त्यांची बेरीज म्हणजे साल. आपल्याकडे 'नेत्र' म्हणजे दोन, 'वेद' म्हणजे चार असं लिहून शक सांगायचे, त्याचाच हा भाऊबंद. चारमिनारचा सनवाचक शब्द 'या हाफिज', म्हणजे 'हे रक्षणकर्त्या'. बेरीज स्वतः करून बघा: ये १०, अलिफ १, हे ८, अलिफ १, फे ८०, झोय ९००. बरोबर १०००. हिजरी १००० हे वर्ष ऑक्टोबर १५९१ मध्ये सुरू झालं. शहरासाठी जो शब्दसमूह वापरतात, 'फर्खुंदा बुनियाद' म्हणजे शुभ पायाचं, त्याची बेरीज १००६ येते. म्हणजे आधी चौक आणि मग त्याभोवती शहर भरत गेलं, असा क्रम या दोन आकड्यांतून दिसतो.

हजारावं वर्ष ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती हे लक्षात घ्या. तिकडे अकबरानेही त्या निमित्ताने इस्लामच्या हजार वर्षांचा इतिहास लिहून घ्यायला माणसं बसवली होती. अशा वर्षात एखादा सुलतान नव्या राजधानीचा पहिला दगड ठेवतो, तर त्याला वेगळं कारण शोधायची गरज नसावी.

कुणी म्हणेल, 'रक्षणकर्त्या' हा शब्दच प्लेगकडे बोट दाखवतो. हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. पण ते ईश्वराच्या प्रचलित नावांपैकी एक आहे आणि बेरीज हजार येणं ही त्याची मोठी पात्रता होती. नुसत्या त्या शब्दावर साथीचा अख्खा इतिहास उभा करता येत नाही.

मग ही प्लेगची गोष्ट आली कुठून? मला वाटतं तिचं बीज फरिश्त्याच्या इतिहासात आहे. फरिश्ता विजापूरच्या आदिलशाही दरबारात बसून लिहीत होता आणि मुहम्मद कुलीचा समकालीन होता. तो म्हणतो, गोवळकोंड्याची हवा मानवेना म्हणून सुलतानाने नवं शहर वसवलं. कोंदलेल्या गावात आजार असणारच. पण नीट पाहिलं तर हे शहर हलवण्याचं कारण आहे, चारमिनार बांधण्याचं नाही. पुढच्या सांगणाऱ्यांनी 'हवा वाईट'चं 'साथ आली' केलं, साथीला नाव दिलं, सुलतानाच्या तोंडी नवस घातला आणि नवस फेडण्याची जागा म्हणून शहरातली सगळ्यात ठळक इमारत निवडली. काही जण प्लेगऐवजी कॉलरा सांगतात. एकाच घटनेला दोन वेगळे रोग चिकटतात तेव्हा मला वाटतं की सांगणाऱ्याच्या घरातली भीती गोष्टीत शिरली आहे. १८९६ नंतरच्या प्लेगने आपल्याकडे किती घरं रिकामी केली हे जुन्या पिढ्यांना तोंडपाठ होतं. त्या माणसांना साथ संपल्यावर बांधलेली इमारत ही कल्पना किती खोलवर भिडली असेल! म्हणून मी या गोष्टीला हसत नाही. ती मुहम्मद कुलीबद्दल थोडं सांगते आणि नंतरच्या माणसांबद्दल पुष्कळ.

ताबुताची उपपत्ती याच गोष्टीची बहीण. साथीत ताबूत फिरवला, साथ हटली, म्हणून ताबुताच्या आकाराची पक्की इमारत बांधली, असं सांगतात. कुतुबशहा शिया होते, मोहरम त्यांच्याकडे फार मोठा, हे खरं. पण मोहरमसाठी मुहम्मद कुलीने त्याच सुमारास, चारमिनारपासून फार लांब नाही अशा जागी, बादशाही आशूरखाना बांधायला घेतला होता. आलम म्हणजे पंजे बसवायची जागा त्याने वेगळी केलीच होती. मग तेच काम चौकातल्या इमारतीकडून कशाला करून घेईल?

आणि भागमती. चिचलम नावाच्या खेड्यात राजपुत्राने तिला पाहिलं, तिच्यासाठी नदी पार केली, तिच्या नावाने भागनगर वसवलं. नदीवरचा पूलसुद्धा बापाने मुलाच्या काळजीपोटी बांधला असं म्हणायचं असतं. यात गंमत अशी की भागनगर हे नाव अजिबात नंतरचं नाही. अकबराचा वकील म्हणून त्याच वर्षांत दख्खनमध्ये आलेला कवी फैजी ते लिहितो, फरिश्ता लिहितो. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये राणीचं नावच 'नगर' होतं म्हणून 'नगरची बाग' असा अर्थ लावतो. दुसरीकडे इतिहासकार हारून खान शेरवानींनी भागमतीच्या असण्यावरच शंका घेतली. कुतुबशाही मकबऱ्यांमध्ये तारामती आणि प्रेमामती यांच्या कबरी दाखवतात, पण जिच्या नावाने शहर वसवलं म्हणतात तिची कबर नाही. ती होऊन गेली की नाही यावर अजून वाद आहेत. पण ती होऊन गेली असं धरलं तरी त्यातून शहराच्या नावाचा उलगडा होतो, चारमिनारचा होत नाही. ही गल्लत फार लोक करतात.

आता गोष्टी बाजूला ठेवून इमारतीलाच विचारू या. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

चौरस इमारत, प्रत्येक बाजू सुमारे २० मीटर. चारही बाजूंना एकेक उंच कमान, आणि प्रत्येक कमान एकेका रस्त्यावर उघडते. खाली दार नाही, गाभारा नाही, कबर नाही. खालून नुसतं आरपार जायचं. वर पश्चिमेच्या अंगाला गच्चीवर छोटी मशीद. मिनारांच्या आतून चक्राकार जिना, १४९ पायऱ्या. दर्शनी घड्याळं नंतरची, १८८९ ची. फ्रेंच प्रवासी तेवेनो १६६६-६७ मध्ये हिंदुस्थानात होता. त्याने चारमिनारच्या बाजूची रुंदी दहा वाव (सुमारे साठ फूट) दिली आहे, ती आजच्या मापाला बऱ्यापैकी जुळते. म्हणजे माणूस डोळे उघडे ठेवून लिहीत होता. तो प्लेगबद्दल बोलत नाही. तो सांगतो की या इमारतीच्या सज्ज्यांचा उपयोग पाणी वर चढवायला होतो, म्हणजे ते पुढे राजवाड्याच्या सगळ्यात वरच्या दालनांपर्यंत पोचेल. आणि तो हळहळतो, की शहरात या इमारतीच्या बाह्यरूपाइतकं देखणं काही नाही, पण भोवती फळं विकणारी लाकडाची, गवताने शाकारलेली दुकानं लागून तिची शोभा जाते. बांधून जेमतेम पाऊणशे वर्षं झाली होती, तेव्हाच बाजार तिला खेटून बसला होता! माझ्या मते मात्र त्या दुकानांनी शोभा घालवली नाही. ती दुकानं असायला हवी होती तिथेच होती.

कारण अशी चौकातली इमारत ही दख्खनला नवीन नव्हती. बिदरला जा. शहराच्या मधोमध, चार रस्ते जिथे मिळतात तिथे, २२ मीटरच्या आसपास उंचीचा गोल बुरूज आहे, आत ८० पायऱ्या. त्याचं नाव चौबारा. आमच्या उदगीरलाही गावाच्या मध्याला चौबाराच म्हणतात. इराणच्या बाजारांत चार पेठा मिळतात त्या जागी घुमटाखाली चौक असतो, त्याला 'चहार सू' म्हणतात, चार दिशा. आणि चारमिनारच्या उत्तरेला चार कमानींच्या मध्ये जो गुलजार हौज आहे, त्याचं जुनं नाव 'चार सू का हौज'. मीर मोमिन इराणचा होता हे आठवा. राजवाड्यासमोरच्या त्या चौकात चार दिशांना चार सुट्या कमानी (त्यांनाच चारकमान म्हणतात), मध्ये पाणी, आणि त्याच रस्त्यावर खाली पेठांच्या तोंडाशी चारमिनार, ही सगळी एकच आखणी आहे.

काही अभ्यासक आणखी मागे जातात. वरंगळला, म्हणजे काकतीय राजांच्या जुन्या राजधानीत, त्यांच्या स्वयंभू शिवमंदिराभोवती चार दिशांना चार दगडी तोरणं उभी होती, ती अजून उभी आहेत. वरंगळ कुतुबशहांच्याच राज्यात होतं. चार दिशांना चार तोरणं, मध्ये पवित्र जागा, ही रचना पाहून चारमिनार आणि चारकमान सुचले असावेत असं ते मांडतात. मला हे पटतं, कारण नव्या राजधानीला जुन्या राजधानीचं वजन हवं असतं. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाल्यावर ठरलेल्या राजमुद्रेत काकतीयांचं तोरण आणि त्याच्या आत चारमिनार आहे, तो योग कुणी मुद्दाम याच विचाराने जुळवला असेल नसेल, पण तिथे तो शोभतो.

एक शेवटचा पुरावा, मला सगळ्यात बोलका वाटणारा. मुहम्मद कुली स्वतः दख्खनीत कविता करायचा. त्याच्या एका प्रार्थनेचा संबंध परंपरेने चारमिनारच्या पायाभरणीशी जोडतात. देवा, समुद्रात जशी मासळी भरलीस तसं माझं शहर माणसांनी भर, असा तिचा अर्थ. माशांसाठी त्याने तिथे 'मीन' असा शब्द वापरलाय, आपलाच. नुकत्याच माणसं गमावलेल्या गावाचा राजा असं मागेल का? मागेलही म्हणा, कोणी तसा अर्थ लावू शकतं. मला त्यात रिकाम्या जमिनीवर रस्ते आखून उभा राहिलेला, आता गिऱ्हाइकं आणि दुकानदार कधी येतात याची वाट पाहणारा माणूस दिसतो.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर जा, लाड बाजारातली बांगड्यांची दुकानं उघडायच्या आधी. तिकीट काढून वर जायची घाई करू नका, तसंही सामान्य पर्यटकाला पहिल्या मजल्यापर्यंतच सोडतात, गच्चीवरची मशीद बघायला मिळत नाही. आधी खाली, बरोबर मध्यावर उभे राहा आणि हळूहळू चारही बाजूंना वळा. उत्तरेला कमानीतून चारकमानीची कमान दिसेल, पश्चिमेला लाड बाजार. मग गुलजार हौजापर्यंत चालत जा आणि तिथून मागे वळून चारमिनारकडे बघा. राजवाडा राहिलेला नाही, पण तिथून निघणाऱ्या माणसाला शहर कसं दिसायचं ते त्या जागेवरून अजून कळतं.