गावातलं जुनं माळवदाचं घर घेताना आधी मोजणी करून घ्यावी का?

नमस्कार. तुमचा प्रश्न असा की तुम्ही पुण्यात नोकरीला आहात, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात आईवडलांसाठी जुनं माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेलं, घर बघितलंय, मालक म्हणतोय ग्रामपंचायतीचा उतारा आहे, घरपट्टी भरलेली आहे, चारी बाजूंनी भिंती उभ्या आहेत मग मोजणी कशाला, आणि पाडव्याच्या आत इसार द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. माझं उत्तर सरळ आहे, मोजणी कराच आणि इसाराच्या आधी करा. आम्ही इसार आधी दिला आणि मोजणी नंतर केली, ते तीन महिने माझ्या मिस्टरांना आणि मला झोप नव्हती, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आम्ही सोलापुरात राहतो, सासऱ्यांची इच्छा होती की रिटायर झाल्यावर गावाकडं राहायचं, पण त्यांच्या वाट्याचं घर कधीच पडून गेलेलं. मग शेजारच्या गल्लीतलं एक घर विकायला निघालंय असं कळलं. सात खणांचं माळवद (खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा), पुढं ढाळज म्हणजे दारालगतची देवडी, मग सोपा म्हणजे आतली ओसरी, मागं परस आणि परसात मोठं लिंबाचं झाड. सासरे आत शिरल्या शिरल्या खण मोजायला लागले, आमच्याकडं जुनी माणसं घर चौरस फुटात सांगतच नाहीत. मालक तिघं भाऊ, दोघं पुण्यात, एक गावात, आणि एक बहीण कर्नाटकात इंडीला दिलेली. उताऱ्यावर लिहिलेलं 34 बाय 36 फूट, म्हणजे 1224 चौरस फूट. भाव त्याच्यावर ठरला आणि आम्ही पन्नास हजार इसार देऊन मोकळे झालो.

आता तो उतारा म्हणजे काय ते समजून घ्या. तो नमुना नंबर 8, ग्रामपंचायतीचं घरपट्टी आकारणीचं रजिस्टर. कर कुणाकडून वसूल करायचा यासाठी ते असतं, त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि हद्द तर अजिबात नाही. त्यातली मापं बहुतेक वेळा मालकाने तोंडी सांगितली आणि ग्रामसेवकाने लिहून घेतली अशी असतात, कधी वडलांच्या वेळची तशीच पुढं आलेली. बापजाद्यांच्या बोलण्यात काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत ना, काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गाव वसलंय ती जागा. काळीचा सातबारा असतो, गट नंबर असतो, नकाशा असतो. पांढरीत म्हणजे गावठाणात सातबारा नाही. मोठ्या गावांत सिटी सर्व्हे झालेला असला तर प्रॉपर्टी कार्ड असायचं, बाकी लहान गावांत नमुना 8 सोडला तर घराचा सरकारी कागदच नव्हता. ते आता कुठं बदलायला लागलंय, 2020 साली स्वामित्व योजना आली, त्यात ड्रोन उडवून गावठाणं मोजली आणि घराघराची मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड तयार करायला घेतली. महाराष्ट्रात याची पहिली सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला झाली होती.

म्हणून पहिला प्रश्न मालकाला हा विचारा, प्रॉपर्टी कार्ड निघालंय का. निघालं असेल तर त्यावरचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, त्याला 10.76 ने गुणा आणि नमुना 8 शी जुळवून बघा. आमच्या बाबतीत कार्डावर 101.1 चौरस मीटर होतं, म्हणजे 1088 फूट, आणि उताऱ्यावर 1224. एवढा फरक कागदावर समोर दिसत होता आणि आम्ही तो इसार दिल्यावर बघितला! मालकाला विचारलं तर म्हणाला ड्रोनवाल्यांनी चुकीचं मोजलंय. ते अगदीच अशक्य नसतं हेही सांगते, कारण ड्रोनला वरनं छप्पर दिसतं, हद्द दिसत नाही, त्यासाठी आधी गावात चुन्याच्या रेषा मारल्या होत्या आणि जो त्या दिवशी गावात हजर नव्हता त्याची रेष शेजाऱ्याने दाखवली तशी पडली. मालक पुण्यात असलेल्या घरांचं तर असं सहज होऊ शकतं. पण खरं खोटं करायचं तर एकच मार्ग, जागेवर हद्द कायम मोजणी, म्हणजे नकाशातली हद्द जमिनीवर खुणा करून दाखवणारी सरकारी मोजणी.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, मोजणीचा अर्ज ज्याचं नाव कार्डावर आहे त्यानंच करायचा असतो, घेणाऱ्याला करता येत नाही. अर्ज ऑनलाइन होतो, तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसकडं जातो, आता नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीची फी जास्त. आम्ही फी आमच्या खिशातून भरली पण अर्ज मालकाच्या सहीने. त्याची सही घ्यायलाच पंधरा दिवस गेले आणि तारीख मिळायला अडीच महिने. तुमचा मालक अर्जावर सही करायला कां कू करत असेल तर तिथंच थांबा, फी आपण भरतोय तर त्याला अडचण काय असणार.

मोजणीच्या आधी लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते. ती सगळ्यांना पोचली का बघा, आणि तुम्ही स्वतः आदल्या दिवशी जाऊन प्रत्येकाच्या दारात जाऊन या, चहा घ्या, सांगा की आम्ही हे घर घ्यायचं म्हणतोय, उद्या जरा हजर राहा. आम्ही हे केलं ते बरं झालं. त्या दिवशी सकाळी अकराला भूकरमापक म्हणजे सरकारी मोजणीदार आले, रोव्हर म्हणजे उपग्रहावरून जागा धरणारं मशीन लावलं, पूर्व आणि दक्षिण बाजू भराभर झाली. पश्चिमेला चार फुटांचा बोळ आहे, आपलं घर आणि पलीकडच्या आजींचं घर याच्यामध्ये. मालक आम्हाला पहिल्यापासून सांगत होता बोळ आपलाच, पुढंमागं त्यात संडास बाथरूम काढा. आणि मशीनवर हद्द आली ती आमच्या भिंतीला चिकटून, बोळ पूर्ण बाहेर. 34 फूट लांब आणि चार फूट रुंद, करा हिशोब, 136 फूट, म्हणजे बरोब्बर तोच फरक.

मालक आवाज चढवायला लागला. तेवढ्यात आजी काठी टेकत बाहेर आल्या, कुणाशी काही बोलल्या नाहीत, बोळाच्या तोंडाशी जाऊन काठीने जमिनीवर दोनदा आपटलं आणि म्हणाल्या, "हितं उकर की ओ, माझ्या सासऱ्यानं दगड पुरलाय." मिस्टरांनी पहार आणली, फूटभर खाली गेल्यावर काळा घडीव दगड लागला, वर छिन्नीने फुली मारलेली. मशीनच्या खुणेपासून एक वीत पण लांब नव्हता. आजी म्हणाल्या बोळ दोघांचा आहे, माझं न्हाणीचं पाणी ह्यातनंच जातं, तुमच्या माळवदाची पन्हळ पण ह्यातच पडती, लगीन होऊन आले तवापासनं बघतीय. मालक गप्प बसला. मला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली तर आम्ही जर न मोजता घेतलं असतं आणि बोळात बांधकाम काढलं असतं तर ह्या म्हातारीच्या दारात आम्ही भिंत घातली असती, आणि तिथंच जन्म काढायचा होता सासऱ्यांना.

नंतर बोलणं होऊन भाव 1088 फुटावर आला. वकिलांनी खरेदीखतात चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते, नव्याने लिहिली, पश्चिमेस सामाईक बोळ असं स्पष्ट, आणि त्यात दोन्ही बाजूंची वहिवाट, म्हणजे आजींच्या न्हाणीचं पाणी आणि आमच्या पन्हळीचं पाणी दोन्ही. मोजणीच्या नकाशाची प्रत, जिला सगळे क प्रत म्हणतात, ती खरेदीखताला जोडली. पूर्वेची भिंत सामाईक निघाली, तिच्यावर आमच्या आणि शेजाऱ्याच्या दोघांच्या तुळया टेकलेल्या, तेही लिहिलं. हे विसरू नका, कारण उद्या तुम्ही जुनं पाडून स्लॅब टाकायला गेलात आणि ती भिंत काढलीत तर शेजाऱ्याचं माळवद खाली येईल. माळवदाच्या घरांत अशा भिंती हमखास असतात, बाहेरून कळत नाही, आत जाऊन तुळईचं टोक कुठं जातं ते बघावं लागतं.

जमीन मोजून झाली की घर तपासा, ते मोजणीवाल्याचं काम नाही. एखादा सिव्हिल इंजिनिअर न्या, आणि त्याच्याबरोबर गावातला जुना गवंडी किंवा सुतार पण न्या, कारण शहरातल्या इंजिनिअरला मातीच्या भिंतीचं तेवढं कळत नाही असा माझा अनुभव. अडीच फूट जाड भिंत बघून माणूस खूश होतो पण आत मातीत रचलेले दगड असतात, पाणी शिरलं की भिंतीला पोट येतं. खाली गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा म्हणजे भिंतीला फुटणारा खार लागलाय का बघा. तुळईला आणि किलच्यांना, म्हणजे तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडांना, वाळवी आहे का ते सुताराला हातोडीने ठोकून बघायला सांगा. माळवदावर मातीचा थर किती आहे ते वर चढून बघा, दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती टाकत टाकत तो वाढत जातो आणि सगळा भार त्याच तुळयांवर. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते, सोलापुरात आम्ही सगळे रस्त्यावर पळत आलो होतो, तिकडं लातूर उस्मानाबादला हजारो माणसं गेली ती अशाच मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरच्या जड माळवदाखाली. म्हणून आम्ही वरची माती काढून टाकली आणि पत्रा घातला, घराची शोभा गेली म्हणून सासरे अजून बोलतात पण मला रात्री झोप लागते.

अजून एक, जमिनीवर पहार आपटत फिरा. आमच्या सोप्यात एका जागी पोकळ आवाज आला, उकरलं तर जुनं धान्याचं पेव, वर नुसत्या फळ्या आणि माती. ते मुरूम टाकून भरून घेतलं.

तुमच्या गावात प्रॉपर्टी कार्ड निघालेलंच नसेल तर सरकारी मोजणीला धरायला रेकॉर्डच नसतं. मग खाजगी सर्व्हेअर लावून नकाशा करून घ्या, मालकाचं जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र मागा, त्यातली चतुःसीमा जागेवर फिरून जुळवा, आणि लगतच्या सगळ्यांच्या सह्या त्या नकाशावर घ्या. आणि घर गावठाणाच्या बाहेर असेल, म्हणजे शेतात बांधलेलं, तर गोष्टच वेगळी, तिथं सातबारा, एनए म्हणजे बिगरशेती झालंय का, तुकडेबंदी म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी घालणारा कायदा आडवा येतो का हे सगळं वकिलाकडून बघितल्याशिवाय हात घालू नका. तिथं नुसत्या नोटरीवर एक गुंठा, दोन गुंठे विकणारे खूप भेटतात, नोटरीने घर तुमच्या नावावर होत नाही, खरेदीखत रजिस्टरच व्हायला लागतं. गाव उजनीच्या पुनर्वसनातलं असेल तर प्लॉट विकायला परवानगी लागते का तेही आधी विचारा.

वारसांचं थोडक्यात सांगते. आमच्या मालकांची ती इंडीची बहीण, तिचं नाव कागदावर कुठंच नव्हतं आणि भाऊ म्हणत होते तिला काही नको. वकिलांनी ऐकलं नाही, तिला बोलावून खरेदीखतावर सही घेतली. 30 वर्षांचा सर्च म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी केली आणि पेपरला जाहीर नोटीस पण दिली. आणि सीना किंवा भीमा जवळ असेल तर सप्टेंबर 2025 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवर डाग असतो तो चुना मारून झाकलेला असू शकतो.

आता पाडव्याचं. मालकाला फोन करून एवढंच म्हणा, मला घर घ्यायचंच आहे, मोजणीची फी मी भरतो, तुम्ही फक्त अर्जावर सही करा, आणि भाव फुटाप्रमाणे ठरवू, मोजणीत जेवढे येतील तेवढ्या फुटांचे पैसे. तरीही पाडव्याला काहीतरी द्यायचंच असं आईवडलांचं म्हणणं असेल तर अकरा हजाराच्या वर देऊ नका, तेही चेकने, आणि इसार पावतीत लिहून घ्या की मोजणीत क्षेत्र कमी आलं किंवा हद्दीचा वाद निघाला तर भाव कमी होईल नाहीतर इसार परत. आमच्या पावतीत हे वाक्य नव्हतं. बोळ निघाल्यावर मालक पन्नास हजार परत द्यायला तयार नव्हता आणि भाव कमी करायला पण, शेवटी सासऱ्यांनी गावातल्या चार माणसांना बसवलं आणि दोन बैठका झाल्या तेव्हा कुठं तो 1088 वर आला. तुमचं त्या गावात बसवायला कुणी नसेल तर ते वाक्य पावतीत असणं फार गरजेचं आहे.