गव्हाची बिअर आंबट? ‘स्टाईलच तशी’ हे ऐकून घेऊ नका

पुण्याहून भरून आणलेली हेफेवायझन (गव्हाची बिअर) चौथ्या दिवशी आंबट लागली आणि ब्रूपबवाले (जागीच बिअर बनवून विकणारे) म्हणतात ‘स्टाईलच तशी असते’, ही तुमची पोस्ट वाचून हसूच आलं. चार वर्षांपूर्वी मलाही एका ठिकाणी हेच वाक्य ऐकवलं होतं. नाव घेत नाही, पण राग गेलेला नाही.

हेफेवायझन जर्मनीतल्या बव्हेरियाची, निम्मं तरी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचं. केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टचा, गढूळपणाही बरोबर. पण दात आंबतील इतकी आंबट? मुळीच नाही. आंबट घराणी वेगळी: बर्लिनची बर्लिनर वाइसे, बेल्जियममधल्या ब्रसेल्सजवळची लॅम्बिक. बर्लिनरचा आंबटपणा ताकासारखा असतो. तुमच्या बिअरला व्हिनेगरचा भपका येत असेल तर ती बिघडलीच. (लॅम्बिकमध्ये त्याची किंचित झाक चालते, जाणकारांनी अंगावर येऊ नये.)

आता माझी घोडचूक. रिकामा ग्राउलर (बिअर भरून आणायची बुचाची मोठी बाटली) गरम पाण्याने नुसता खळखळला आणि ओलाच बूच लावून ठेवला. तीन आठवड्यांनी तोच पुन्हा भरून आणला. मे महिना, ग्राउलर डिकीत, संगमनेरला जेवणात दीड तास. घरी फ्रीज आमरसाने भरलेला, म्हणून रात्रभर ओट्याखाली. चौथ्या दिवशी गंगापूर रोडला मित्राच्या गच्चीवर बूच उघडलं तर फेस उसळून थेट सतरंजीवर! नंतर बुचाखालची रबरी रिंग काढून पाहिली. आत काळपट, चिकट थर. नखाने खरवडला तर तोच व्हिनेगरचा वास. पण ब्रूपबवाल्यांकडून फोनवर ‘स्टाईलच तशी’ ऐकलं आणि मी मान डोलावली. दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो की गव्हाची बिअर आंबटच असते. नाशिकसारख्या वाईनच्या गावात राहून ही अक्कल! पुढे नळावरून ताजा ग्लास मिळाला तेव्हा पहिल्याच घोटाला केळं.

माझं मत, पटलं तर घ्या: रिंग काढून ब्रशने घासा, साबणाचा अंश राहू देऊ नका (फेस बसतो), उघडाच वाळवा. भरण्याआधी तुमच्यासमोर सॅनिटाइझ करायला सांगा; तोंड वाकडं केलं तर भरू नका. आइसबॉक्स न्याच. दोन दिवसांत संपवा, उघडला तर त्याच दिवशी. गरम डिकीत काच फुटूही शकते. दारूचं परमिट जवळ असू द्या, आणि गाडी चालवणाऱ्याने वाटेत चाखायचं नाही.

जाता जाता, आपल्या उन्हाळ्यात पिचर (बिअरचा मोठा जग) मागवणं मला कधीच कळलं नाही. जर्मनीतल्या कलोनमध्ये कोल्श ही तिथली बिअर 200 मिलीच्या उभट ग्लासात देतात, गरम व्हायच्या आत संपते.

तुमच्या बुचाची रिंग काढून फोटो टाका. मग बोलू, चूक त्यांची की तुमची.