वजन न करता नेट रिकामं केलंस, त्याबद्दल

अरे लेका,

तुझा मेसेज रविवारी रात्रीच बघितला, पण मुद्दाम उत्तर दिलं नाही. म्हटलं एक रात्र झोपू दे याला, तेव्हा काही सांगून उपयोग नव्हता. शनिवारची मासेमारीची मॅच फुकट, रविवार त्याहून फुकट, बसायच्या जागा, म्हणजे पेग, भिकार मिळाले, आता मासे धरायचा पोल विकून टाकतो, असं सगळं एका दमात लिहिलंयस. पोल विकायचा तर खुशाल वीक, सेकंडहँड घेणारे पाडून मागतात एवढं फक्त सांगून ठेवतो. मला खटकली ती भलतीच ओळ, जी तू मधेच घाईघाईत लिहून पुढे गेलास, की तीन वाजता मॅच संपल्याचा हूटर झाला, पकडलेले मासे ठेवायच्या नेटमध्ये जेमतेम सव्वा पाऊंड असेल, लाज वाटली म्हणून काटेवाले यायच्या आतच मासे पाण्यात सोडून दिले.

बाकीचं नंतर, आधी हे.

शनिवारची मॅच टीम लीगची होती. दहा जणांचं सेक्शन, म्हणजे काठाचा एक भाग, त्यात पहिल्याला 10 पॉइंट, शेवटच्याला 1, आणि ज्याने वजनच केलं नाही त्याला भोपळा. मी तुमच्या कॅप्टनकडून शीट मागवून बघितली. तुझ्या सेक्शनमध्ये एकाचं वजन 1 पाऊंड 1 औंस (16 औंसांचा एक पाऊंड), एकाचं 14 औंस, आणि एक बिचारा 11 औंसवर, तरीही तो उभा राहिला काट्यासमोर. म्हणजे तुझा सव्वा पाऊंड सातव्या नंबरचा होता, 4 पॉइंटचा. आणि टीम हरली किती पॉइंटनी? 3. आता बस हिशेब करत.

तुला वाटतं सव्वा पाऊंड म्हणजे काहीच नाही, पण या खेळात वजन कोणाशी लावायचं ते आधी समजून घे. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सुद्धा अख्ख्या काठावर सगळ्यात जास्त मासे काढणारा जिंकेलच असं नाही, दोन दिवस तू आपापल्या सेक्शनमध्ये कितवा आलास त्या नंबरांची बेरीज होते, ती ज्याची सगळ्यात कमी तो चॅम्पियन, वजन बघतात ते बरोबरी झाली तर. इंग्लंडच्या बॉब नडने 1990, 1991, 1994 आणि 1999 असं चारदा ते जिंकलं, तिथल्याच अ‍ॅलन स्कॉटहॉर्नने पाचदा, त्यातली 1996 ते 1998 सलग तीन. ही माणसं काय दरवेळी माशांनी भरलेल्या पेगवर बसली होती? वाईट पेगवर त्यातल्या त्यात वरचा नंबर कसा काढायचा ते त्यांना येतं, म्हणून ती तिथे पोचली.

त्यामुळे 9 पाऊंडवाल्याचं नाव माझ्यासमोर काढू नकोस. तो टोकाच्या पेगवर होता, एका बाजूला माणूसच नाही, बाकीच्यांच्या आवाजाने आणि हालचालीने दबलेले मासे सरकत सरकत तिकडे जातात, त्यात त्याला ब्रीम माशांचा छोटा घोळका लागला, संपला विषय. तुझं माप तुझ्या डावीउजवीकडचे दोघे. एकाचे 2 पाऊंड 3 औंस, दुसऱ्याचे 1 पाऊंड 14. म्हणजे जवळच्या शेजाऱ्यात आणि तुझ्यात 10 औंसांचा फरक. त्या कॅनॉलवरचा रोच मासा साधारण औंसभराचा धर, म्हणजे पाच तासांत दहा मासे, तासाला दोन. एवढंच शोधायचंय आपल्याला, दोन मासे कुठे गेले ते. पेग भिकार होता म्हटलं की शोधायचं काहीच उरत नाही, म्हणून तर ते म्हणायला बरं वाटतं.

मला विचारशील तर पहिले पाच ते सुरुवातीलाच गेले. आदल्या रात्री पहिलं दव गोठलेलं, ग्रँड युनियन कॅनॉलचं पाणी अशा वेळी निवळतं, तळ दिसायला लागतो, आणि तू दहाच्या ठोक्याला ग्राउंडबेटचे, म्हणजे मासे जमवायच्या चाऱ्याचे, लिंबाएवढे सहा गोळे टाकलेस. जुलैत ठीक आहे रे ते! थंड पाण्यात माशाची भूक मूठभर, त्याला तू पंगत वाढलीस, आता त्या ढिगातला तुझा एकच घास त्याने नेमका का उचलावा? साधा पांढरा स्लाइस ब्रेड मिक्सरमधून काढायचा, त्याची अक्रोडाएवढी एकच गोळी, गळाला पंचने कापलेला ब्रेडचा ठिपका, तेवढ्यावर पहिल्या तासात रोच येतात आणि मग हळूहळू बंद होतात. बंद झाले की घाबरून आणखी ब्रेड टाकायचा नाही, तोवर पलीकडच्या काठाच्या उथळ कट्ट्यावर चिमूटभर पिंकी, म्हणजे बारीक अळ्या, टाकून ठेवलेले असले पाहिजेत, तिकडे सरकायचं. मधल्या खोल पट्ट्यातून बोटी जातात, बोट गेली की पाणी गढूळ होतं, तू वैतागलास म्हणे दर बोटीला. मला तर थंडीत बोट आली की बरं वाटतं, निवळ पाण्यात बुजलेला मासा गढूळ झाल्यावर जरा धीट होतो. आणि लॉक उघडलं की अख्खा कॅनॉल सरकायला लागतो, त्या दहापंधरा मिनिटांत पुष्कळदा मासे तोंड उघडतात, तेव्हा सँडविच खायचं नसतं.

उरलेले पाच फ्लोटने, त्या दोरीवरच्या तरंगत्या खुणेने, खाल्ले. तू पाठवलेल्या फोटोत फ्लोटचं टोक पाण्याच्या वर चांगलं बोटाच्या पेराएवढं दिसतंय. थंडीतला रोच आमिष ओढून नेत नाही, जागेवर चोखतो आणि थुंकतो, तेवढ्याने तुझं ते टोक हललं सुद्धा नसेल. आणखी दोन बारीक शिसं लाव, टोक इतकं बुडव की पाण्यावर नुसता टिंब राहील, पाण्याचा ताण त्याला धरून ठेवेल एवढाच. मग तो टिंब गेला की गेला, बघायला लागत नाही, हात आपोआप उचलतो.

मॅगटचंही, गळाला लावायच्या अळीचंही, सांगतो, फोटोत तोही दिसला. जाड टोकाला दोन काळे ठिपके असतात ना, लोक त्यांना डोळे समजतात, ती श्वासाची भोकं आहेत, तोंड निमुळत्या बाजूला. त्या जाड टोकाच्या कातडीच्या कडेला 20 नंबरचा गळ अलगद अडकवायचा, आत घुसवायचा नाही. आत घुसला की पांढरं पाणी बाहेर येतं आणि मॅगटची रिकामी पिशवी होते, ती लटकत असते आणि आपण पाचपाच मिनिटं तिच्याकडे आशेने बघत बसतो. तुझा तसाच होता.

रविवारबद्दल फार लिहीत नाही कारण रविवार तू शनिवारी संध्याकाळीच घालवलास. रिग (दोरी, फ्लोट, शिसं, गळ) बांधले नाहीस, तळ्यावर उशिरा पोचलास, कमर्शियल पाँडवर ऑगस्टमध्ये खेळतात तसा काठालगत पेलेट ओतत बसलास आणि कार्प आणि त्यांची संकरित जात एफवन, सगळे दूर, पाण्याच्या मधल्या थरात निपचित. अशा दिवशी काहीही न टाकता, पलीकडच्या झाडीखाली तळापासून वर एकच ब्रेडचा तुकडा लटकत ठेवायचा, हवा तेवढा वेळ लागू दे, खोली बदलत बदलत मासा कुठल्या थरात आहे ते शोधायचं. तुला हे येतं, मी बघितलंय तुला करताना. पण रागात कोणाला आठवतंय.

आता परत त्या नेटकडे येतो, कारण पॉइंटपेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. तू मासे सोडले, सामान आवरलं आणि गाडीत जाऊन बसलास. काटा जेव्हा पेगमागून पेग सरकतो ना, त्याच्या मागून चालणं ही या खेळाची खरी शाळा आहे. सकाळी तोंडाला कुलूप लावून बसलेली माणसं नेट वर आलं की बोलायला लागतात, कुठल्या ओळीवर, म्हणजे काठापासून किती लांब, पकडले, किती वाजता बदललं, आमिष काय, सगळं. खोटंही बोलतात थोडं, पण नेटमधले मासे खोटं बोलत नाहीत, नुसते रोच दिसले तर ब्रेड चालला, स्किमर, म्हणजे छोटे ब्रीम, असतील तर तो खोल पट्ट्यात होता, पर्चच पर्च असतील तर त्याने गांडूळ चिरून टाकलं. तुझ्या डावीकडच्याचे 2 पाऊंड 3 औंस कशाचे होते? सांग बरं. नाही सांगता येणार, कारण तू गाडीत हीटर लावून बसला होतास.

आई विचारते म्हणालास, खायचे नाहीत, परत सोडायचे तर एवढ्या थंडीत जातोस कशाला. माझ्याही घरी हेच चालू असतं, वर फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या मागे पिंकीचा डबा सापडला की वेगळा कार्यक्रम. याचं पटेल असं उत्तर मला अजून सुचलेलं नाही, तुला सुचलं तर कळव. पण शनिवारचं चिडणं बघता तुला हा खेळ लागलाय हे नक्की, ज्याला काही पडलेली नसते तो सव्वा पाऊंडाची लाज बाळगत नाही.

एक वही कर. त्यात तुझं वजन लिहू नकोस आधी, आधी डावीउजवीकडचं लिही, मग तुझं, मग पाणी कसं होतं, बोटी केव्हा गेल्या, मासे केव्हा थांबले. नोव्हेंबरभर लिही, मग आपण बसून बघू.

आणि आजच्या आज कॅप्टनला फोन कर. बुधवारी तो पुढची टीम काढतो, त्याच्या आधी. पेग कसा होता, थंडी किती होती, यातलं काही सांगत बसू नकोस, नेटमध्ये सव्वा पाऊंड होता आणि मी वजन केलं नाही एवढंच सांग. तो शिव्या घालेल, त्या ऐकून घे. मग त्याने टीममध्ये घेतलं तर मला कळव, शुक्रवारी संध्याकाळी ये घरी, फ्लोट टबमध्ये टाकून शिसं बसवू दोघे.

तुझा काका